दाल्सू दोनावर अडला

त्या सकाळी वारं खाडीकडून सुटलं होतं आणि ते अंगाला नुसतं लागत नव्हतं, चावत होतं. कोरियाच्या दक्षिण किनाऱ्यावर, सामचोनपोच्या मासळीबाजारात ताडपत्र्या फडफडत होत्या. धक्क्यावर धुवायला ओतलेलं पाणी गोठून काच झालं होतं आणि त्यावरून बायका बदकासारखे पाय टाकत, एकमेकींना धरत, एकमेकींनाच शिव्या घालत चालल्या होत्या. लिलाव उरकला होता. प्यो दाल्सू बायकोच्या सुक्या मासळीच्या दुकानात शेगडीला पाठ लावून मांदेली निवडत बसला होता. डोकं चिमटीत धरायचं, मोडायचं, पोटातला काळा दाणा नखानं उडवायचा; धड एका टोपलीत, डोकं दुसऱ्या. बाजारात हे काम बायका करतात, तेही गप्पा मारता मारता. दाल्सू मुकाट करत होता, कारण त्याला आता मुकाटच राहावं लागे.

एके काळी हाच माणूस आमच्या बाजाराचा आवाज होता. रबरी बूट घालून तो खोक्यांच्या रांगेवर चढायचा, हातातली घंटा हलवायचा आणि जो सूर लावायचा, तो पार बंदराच्या तोंडापाशी ऐकू यायचा. आत येणाऱ्या नावा त्यावरून ओळखायच्या, की बांगड्याचा लिलाव चाललाय की वामेचा. घेणारे व्यापारी बोलत नसत. जाकिटाच्या आडोशाला बोटं दाखवायची, एवढंच. दाल्सू शंभर जाकिटांतली बोटं एका नजरेत वाचायचा आणि भाव गात गात वर चढवायचा. कुणी कमी बोट दाखवलं, की त्याच सुरात त्याची आईबहीण काढायचा. लोक म्हणायचे, दाल्सूची शिवी खाल्ल्याशिवाय माल पचत नाही.

मग गळ्यात गाठ निघाली. बुसानच्या डॉक्टरांनी माणूस वाचवला आणि आवाज काढून घेतला. आता गळ्याच्या खळगीत एक भोक होतं, त्यावर बायकोनं विणलेला निळा रुमाल, आणि त्या रुमालातून फसफस येणारा श्वास. लिलावाला दुसरा माणूस उभा राहिला. तो भोंगा घेऊन ओरडतो, तरी धक्क्याच्या पलीकडं काही ऐकू येत नाही.

बोलायला म्हणून दाल्सूनं दुकानातली भावाची काळी पाटी घेतली. खडूनं तो लिहायचा आणि बायको, बोंगिम, मोठ्यानं वाचून दाखवायची. वाचायची म्हणजे काय, तिला बरं वाटेल तेवढं वाचायची. एकदा ग्वाक नावाचा व्यापारी, दाल्सूचा जुना दोस्त आणि लिलावातला जुना वैरी, दुकानात आला. दाल्सूनं पाटीवर लिहिलं, 'ह्या गाढवाला विचार, माझी छत्री कधी देतोस.' बोंगिमनं वाचलं, "ग्वाकभावजी, बसा, च्या घ्या म्हनत्यात."

ग्वाकला वाचता येत होतं. तो खोखो हसला, चहा प्याला आणि छत्री न देताच गेला.

इथवर ठीक होतं. गाडं अडलं ते पोरीच्या लग्नावरून.

दाल्सूची एकुलती एक मुलगी मिह्यांग सोलला एका कचेरीत कामाला होती. ऑलिंपिक होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. तिकडं कचेऱ्यांतून टेबलाटेबलावर कॉम्प्युटर आले होते आणि पोरगी त्यांच्यावरच काम करायची. तिथंच तिचं एका पोरावर मन बसलं. पोरगा शिकलेला, कामाचा, सगळं खरं. पण मोकपोचा, शेजारच्या प्रांतातला. समुद्र तोच, मासळी तीच, बसनं निघालं तर जेवणाआधी पोचाल, पण तिकडचा. आमच्याकडं 'तिकडचा' म्हटलं की पुढं काही बोलायची गरज नसे. का नको, ह्याला बोंगिमकडं कारण नव्हतं. तिच्या आईकडंही नव्हतं. ते घरातल्या लोणच्याच्या रांजणासारखं आपलं चालत आलं होतं.

दाल्सूला मात्र पोरगा पसंत होता. इस्पितळात तो मिह्यांगबरोबर भेटायला आला होता. गळा गेला म्हणजे कानही गेले असं धरून सगळे दाल्सूच्या तोंडाशी येऊन ओरडायचे. हा पोरगा खुर्ची ओढून बसला, हळू आवाजात बोलला आणि दाल्सूनं उत्तर लिहून होईस्तोवर गप्प राहिला. दाल्सूला तेवढं पुरलं.

पण पोरीला हे सांगायचं कुणी? दर रविवारी तिचा फोन यायचा तो बोंगिमच्या हातात. "तुजं अप्पाबी न्हाईच म्हनत्यात," बोंगिम सरळ सांगून मोकळी झाली. दाल्सू शेजारीच होता. त्यानं पळी उचलून टेबलावर दाणदाण आपटली. ती सोलपर्यंत ऐकू गेली.

"ऐकलंस?" बोंगिम म्हणाली. "आता भांडी फोडायचंच ऱ्हायलंय."

त्यानंतर पोरीचे फोन विरळ झाले. दाल्सूचं जेवणही.

ग्वाक त्याला म्हणाला, "आरं, कागद घे, पत्र लिव्ह. तिकिट मी लावतो."

दाल्सूनं पाटीवर लिहिलं, 'पत्रात कुनी मधी टोकत न्हाई. मला तसं बोलता येत न्हाई.'

हे मात्र खरं होतं. ज्यानं जन्मभर समोरच्या बोटांना उत्तरं दिली, त्यानं कोऱ्या कागदापुढं काय बोलावं? दोनदा बसला होता तो. दोन्ही कागदांत शेवटी बोंगिमनं मांदेली बांधली.

आणि मग बसच्या टपावरून दोन खोकी आली. मिह्यांगच्या कचेरीनं जुने कॉम्प्युटर काढले होते, त्यातला एक तिनं घेतला आणि अप्पांना धाडला. बरोबर काड्यापेट्यांच्या पुड्याएवढा एक डबा, फोनची वायर त्यात जायची. आणि दोन पातळ काळ्या चकत्या, त्यांत बोलायचा प्रोग्राम. तो मशीनमध्ये बसवला, की इकडं लिहिलेलं फोनच्या तारेतून तिकडं तिच्या पडद्यावर उमटणार.

"अप्पांना मला जे काय बोलायचंय ते त्यांनी स्वतः बोलावं," ती फोनवर आईला म्हणाली. "शिव्या द्यायच्या असतील तर त्यांच्याच हातच्या खाईन."

तर त्या बोचऱ्या वाऱ्याच्या सकाळी, रविवारी, दाल्सूनं मांदेलीची टोपली बाजूला सारली, हात साबणानं दोनदा धुतले आणि मशीनपुढं बसला. मशीन मासळीच्या दोन खोक्यांवर ठेवलं होतं. ग्वाक बोलावल्याशिवाय आला होता.

"गळ्याला भोक पडलं तवर ठीक हुतं," तो म्हणाला, "आता भिंतीतनंबी वायर काडलीस व्हय रं?"

दाल्सूनं त्याला एक बोट दाखवलं. ते लिलावातलं नव्हतं.

पंचाईत अशी, की फोन एकच. पोरीशी बोलायचं तर वायर फोनला हवी, पडद्यावरून लिहायचं तर मशीनला. म्हणून प्रोग्राम बसवून होईस्तोवर वायर फोनलाच ठेवली; पोरगी एक पायरी सांगायची, बोंगिम ती ओरडून इकडं सांगायची.

"आधी चकती घाला. आता इंग्रजी अक्षरं दाबायची आहेत आई, मी एकेक सांगते."

"इंग्रजी? तुज्या अप्पाला? आगं, त्यांना इंग्रजी फकस्त विस्कीच्या बाटलीवरचं येतं."

"अक्षर ओळखायचं नाही, आकार ओळखायचा. पहिला नुसता खांब."

"खांब!" बोंगिम ओरडली. दाल्सूनं बटणांवरून बोट फिरवलं आणि खांब शोधून काढला.

"आता दोन खांब, मधे तिरकी फळी."

"मोडकं फाटक!"

"आता वाम. वळवळणारी."

"वाम!" इथं ग्वाकही पुढं झुकला. दोघांनी मिळून वाम पकडली.

"आता आपल्या कोरियन ऊ-सारखा, वर आडवी फळी, खाली खांब. मग मासळी वाळवायची तिकाटणी. मग आपला न, उभा खांब आणि तळाशी फळी, दोन वेळा."

दाल्सूनं ऊ घेतला, तिकाटणी घेतली, न घेतले. मोठं आडवं बटण दाबलं. मशीन आतून कुरतडायला लागलं.

"उंदीर शिरला," ग्वाक म्हणाला.

पण पडद्यावर हिरव्या रेघा उमटत गेल्या, दुसरी चकती मागितली गेली, ती दिली गेली, आणि मग आपल्या कोरियन अक्षरांत एक प्रश्न आला. दाल्सूनं वाचला, बोंगिमला खूण केली.

"ह्ये इचारतंय, अक्षरं कंची पायजेत? एक का दोन?"

"एक," पोरगी म्हणाली. "एक म्हणजे तयार अक्षरं. छापखान्यात खिळे असतात ना, तसे अख्ख्या अक्षरांचे ठसे. दोन म्हणजे सुटे तुकडे जोडून अक्षर बनवायचं. सगळे एकच घेतात. माझ्याकडंही एकच आहे. एक दाबा, फोन ठेवा, वायर मशीनला लावा आणि मशीनवरून मला लावा. मी बसलेय."

दाल्सूनं एक दाबला. बोंगिमनं फोन ठेवला. वायर लावायच्या आधी त्यानं हात मोकळा करायला म्हणून पडद्यावर एक शब्द लिहून बघितला.

हा शब्द म्हणजे मिह्यांग नव्हे. पोरगी चार वर्षांची असताना धक्क्यावर बापाच्या मागं मागं यायची. एकदा सगळे लिलावात गुंतलेले असताना तिनं कडेवरून सरळ पाण्यात उडी घेतली. धोंडा पडावा तसा आवाज झाला, 'त्तोम!' दाल्सूनं घंटा टाकून मागनं उडी मारली. कॉलरला धरून तिला वर काढली तर ती हसत होती. त्या दिवसापासून तो तिला त्तोम म्हणायचा. जीभ दातामागं आपटून, जोरात. दुसरं कुणी म्हटलेलं तिला चालत नसे. आवाज होता तोवर दर रविवारी फोन उचलला, की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: "त्तोम! जेवलीस का?"

त्यानं ते अक्षर लिहिलं. डावीकडची बटणं, उजवीकडची, परत डावीकडची. पडद्यावर एक रिकामी चौकट उमटली.

परत लिहिलं. परत चौकट. 'जेवलीस' आलं, 'का' आलं, त्तोम येईना. ज्यांनी अक्षरांचे ठसे पाडले त्यांना शब्दकोश माहीत होता. सामचोनपोच्या धक्क्यावरनं पोर पाण्यात पडल्याचा आवाज कुठून माहीत असणार? तेवढा ठसा त्यांनी पाडलाच नव्हता.

"मग मिह्यांग लिव्ह की," ग्वाक म्हणाला. "बारशाला त्येच ठेवलंय."

दाल्सूनं त्याच्याकडं असं बघितलं, जणू ग्वाकनं शिळा बांगडा ताजा म्हणून पुढं केलाय. मग तो मागं गेला, प्रश्न परत आणला आणि दोन दाबला. जोडायची अक्षरं. त्-त्-ओ-म. तुकडे एकमेकांना येऊन चिकटले आणि पडद्यावर लख्ख हिरव्या रंगात त्तोम उभी राहिली.

दाल्सूच्या रुमालातून मोठा फुस्स करून श्वास सुटला. वायर मशीनला लागली. डबा आधी टिकटिकला आणि मग असा किंचाळला, की बोंगिमनं कान झाकले.

"डुक्कर कापत्यात का काय!"

दाल्सू मात्र हसत होता. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी पोटातून ओरडलं होतं.

लागला. पडद्यावर तसं आलं. दाल्सूनं दोन बोटांनी, एकेक बटण हुडकत लिहिलं: 'त्तोम. जेवलीस का?' आणि थांबला.

उत्तर आलं. पण ते काय होतं, देव जाणे. भलभलती अक्षरं, मधेच चिन्हं, जिन्यावरून मिश्र मासळीचा खोका सांडावा तसं. दाल्सूनं परत लिहिलं. परत तसलंच. मग डबा गप्प झाला. तिनं तोडलं होतं.

"झालं?" बोंगिम म्हणाली. "येवडंच बोलायचं हुतं?"

वायर फोनला लावली न लावली तोच तो वाजला.

"आई, काय दाबलंत? माझ्याकडं नुसता कचरा येतोय."

"एक दाबला की. तू एक म्हनालीस, त्यांनी..." तिनं वळून बघितलं. दाल्सूनं हात वर केला होता. तर्जनी आणि मधलं बोट. दोन.

"आगं, दोन दाबलाय म्हनं!"

"दोन? आई, दोन नाही, एक. दोन्हीकडं सारखं पाहिजे, नाहीतर कळणारच नाही. एक करायला सांग."

"अहो, एक करा!"

दाल्सूनं मान हलवली. दोन.

"एक करा की वं! पोरगी शिकल्याली हाय का तुमी?"

दोन. आता हात जाकिटाशी आला होता, छातीपाशी, तसाच, जसा आयुष्यभर समोरचे धरायचे. ग्वाकनं ते बघितलं आणि त्याचं हसू गेलं.

"वहिनी," तो म्हणाला, "तिला सांगा, अप्पा दोनावर अडल्यात. उतरायचं न्हाईत."

बोंगिमनं सांगितलं. "हट्टच धरलाय मेल्यानं. छातीशी दोन बोटं लावून बसल्यात. एक काय करीना झाल्यात."

पलीकडं बटणांची नुसती खटखट झाली. बोंगिमला वाटलं तुटला. "हालो? हालो?"

"आई," पोरगी म्हणाली. आवाज बदलला होता. सोलची बोली कुठंतरी गळून पडली होती. "एकात काय येत न्हाई, मला कळलं. अप्पांना म्हनावं, दोनावरच ऱ्हावा. मी येते दोनावर."

बोंगिमनं जसंच्या तसं सांगितलं. बहुधा पहिल्यांदाच, कारण तिला त्यात गाळण्यासारखं काही कळलंच नाही. ग्वाकनं मांडीवर थाप मारली. "सुटला! माल सुटला!"

परत वायर, परत टिकटिक, परत डुक्कर. मग पडद्यावर, दाल्सूनं काही लिहायच्या आत, अक्षरं येऊ लागली:

'त्तोम आलीया. जेवले. तुमी?'

दाल्सूनं गळ्याचा रुमाल नीट केला, तो नीटच होता तरी. मग लिहू लागला. बोंगिम मागं उभी होती. तिचा चष्मा गल्ल्यापाशी राहिला होता, म्हणून ती पडद्याला नाक लावून, अक्षर फुटेल तसं मोठ्यानं वाचत होती.

"त्ये... न्हाई... मी... म्हनलं... नव्हतं." इथवर ती वाचून गेली आणि मग तिला कळलं आपण काय वाचलं. पण दाल्सूची बोटं थांबली नव्हती आणि आता पाटीसारखं पुसताही येत नव्हतं. जे उमटलं ते सोलला पोचलंच होतं. "पळी... तुज्या... आईवर... आपटली... हुती. तुज्यावर... न्हाई."

ग्वाकला अचानक आपल्या मासळीवरच्या बर्फाची आठवण झाली. "मी बगून येतो," म्हणाला आणि छत्रीचा विषय निघायच्या आत सटकला.

पडद्यावर आलं:

'खरं?'

'पोराला घेऊन ये,' दाल्सूनं लिहिलं. 'त्यो हळू बोलतो. मला आवडला.'

तिकडून एकच अक्षर आलं, मग परत तेच, ओळभर. रडताना बटणावर हात पडल्यासारखं.

बोंगिम मागं उभी होती ती तशीच उभी होती. पदराशी खेळावं तशी तिची बोटं एप्रनच्या नाडीशी चाळा करत होती. दाल्सू वळला नाही. पाटीही उचलली नाही. तो नुसता बसून राहिला, जसा लिलावात शेवटच्या बोलीसाठी थांबायचा, कुणाकडंही न बघता.

"इचारा तिला," बोंगिम शेवटी म्हणाली, "त्यो खातो काय?"

दाल्सूनं विचारलं. उत्तर आलं: 'मोकपोकडची मासळी, आंबवलेलं पाकट, लई आवडतं.'

"पाकट!" बोंगिमचा आवाज डब्याच्या वर गेला. "नाकातला केस जळतो त्येच्या वासानं! माज्या घरात? माज्या भांड्यात? तिला म्हनावं, लगीन कर न्हाईतर नको करूस, पाकट दारात खायाचं, वाऱ्याच्या बाजूला बसून. आन येताना सोता घेऊन यायचं, मी आननार न्हाई. आन त्येच्या आईला म्हनावं, आमची पोर काय रस्त्यावर पडल्याली न्हाई. आन गरम कपडं घालून या, हितं वारं सुटलंय. आन रविवारी नगं, शनवारीच या, म्हंजे ऱ्हाता येतंय. लिवा!"

दाल्सूनं मान डोलावली. वाकून, बटणं हुडकत, सावकाश लिहिलं. बोंगिम पडद्याशी झुकली आणि वाचू लागली.

"आई... म्हनती... या." ती थांबली. खालची ओळ शोधू लागली. नव्हती. "येवडंच? मी येवडं बोलले त्ये?"

दाल्सूनं खांदे उडवले.

"माजं बोलनं खाता व्हय! मनाला येईल त्येवडंच लिवता?"

दाल्सूच्या रुमालातून फस् फस् फस् असा आवाज यायला लागला. खांदे हलत होते. इस्पितळातून आल्यापासून तो असा हसलेला नव्हता, आणि त्याला आता हसण्याचा आवाज असा येतो हे बोंगिमला माहीत नव्हतं. तिनं आधी घाबरून त्याच्या गळ्याकडं बघितलं. मग त्याच्या तोंडाकडं बघितलं. आणि मग त्याच्या पाठीत एक चांगला गुद्दा घातला.

पडद्यावर पोरीनं लिहिलं होतं: 'आई येवडंच म्हनाली?'

'व्हय,' दाल्सूनं लिहिलं.

नंतर त्यानं वायर काढून परत फोनला लावली, मशीनवर धूळ बसू नये म्हणून पिठाची रिकामी गोणी घातली आणि शेगडीपाशी येऊन टोपली पुढं ओढली. बाहेर वारं होतंच. बोंगिम गल्ल्यापाशी पाकट कुणाकडं चांगलं मिळेल ते बडबडत होती. दाल्सूनं एक मांदेली उचलली, डोकं मोडलं, काळा दाणा उडवला आणि धड टोपलीत टाकलं.